त्या शुक्रवारचा उपास

प्रिय जयाताई,

सलाम. ‘प्रभूमध्ये सलाम’ असं लिहायला हात गेला होता, पप्पांनी लावलेली सवय ती. पण आई गेल्यापासून तुला तेवढंही सोसत नाही, म्हणून थांबले. चार वर्षं झाली, तू चर्चची पायरी चढली नाहीस. पाळकाची थोरली मुलगी, जिच्याशिवाय नगरला एक गीत सुरू व्हायचं नाही, ती रविवारी सकाळी मुद्दाम गोधड्या धुवायला काढते, असं प्रतापभाऊजी सांगतात. परवा फोनवर तू म्हणालीस, आईला तिची धाकटी लेक शेवटची दिसावी म्हणून चर्चची सगळी मंडळी उपाशी राहिली, तरी ज्या देवाने तुला तिथे राहण्याचं साधं एक कार्ड देववलं नाही, त्याच्या मेजाला प्रभुभोजन घ्यायला मी कशाला जाऊ? मी आमटी उतू जातेय म्हणून फोन ठेवला. आमटी नव्हतीच गं गॅसवर.

इकडची, डच मुलखातली बातमी म्हणजे माझ्या शेजारच्या हेनी आजी मंगळवारी गेल्या. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. काळी टोपी घालून पलीकडच्या गावातल्या कडक चर्चला जाणाऱ्या, त्याच. त्यांच्याकडची एक रीत तुला कधी सांगितली नाही. तिथे प्रभुभोजनाचं लांबच लांब मेज मांडतात, पांढरं कापड घालतात, आणि शंभरातली चार-पाच माणसंच उठून त्याच्याशी बसतात. बाकीचे बाकांवरून बघतात. देवाने आपल्याला निवडलंय अशी मनाची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हेनी आजी जन्मभर बाकावरच बसल्या. सत्तर वर्षं त्यांनी गावातल्या आजाऱ्यांची अंथरुणं बदलली, परक्या पोरांसाठी लोकरीचे मोजे विणले. पण त्याने काय होतं, म्हणायच्या, कर्मांनी कुणी तरत नाही. पप्पाही हेच शिकवायचे, आठवतं ना? तारण कृपेनं होतं, हात पसरायचा तो विश्वासाचा, आणि सत्कर्मं ही मागाहून झाडाला लागणारी फळं. फक्त पप्पा ते हसत सांगायचे आणि मग दारू पिऊन आलेल्या शिरपतलाही मेजाशी बोलवायचे. आजींचं झाड आयुष्यभर लगडलेलं होतं, आणि त्यांना मुळाचीच शाश्वती नव्हती. मला त्यांची फार दया यायची.

गेली तीन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. सकाळी नर्स यायची, पण संध्याकाळी प्रयोगशाळेतून सायकलवर थेट त्यांच्याकडे. वाटाण्याचं घट्ट सूप करायचं, पाय कोमट पाण्यात ठेवायचे, नखं कापायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची. तू आईचं जे जे केलंस ते सगळं, त्याच क्रमाने. वाखनिंगनच्या आमच्या चर्चमध्ये तर पाळकांनी उपदेशात माझा दाखला दिला. मी मान खाली घालून बसले होते, त्यांना वाटलं विनय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यापर्यंत येतं आणि मी तुकडा न घेताच ते पुढच्याच्या हातात देते, चार वर्षं झाली, तोही त्यांना विनयच वाटतो. खाई त्याला खवखवे, आई म्हणायची. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असंही म्हणाली असती, आणि ते जास्त बरोबर होतं.

मागच्या आठवड्यात पाय धुताना हेनी आजींनी विचारलं, तू माझी कोण लागतेस म्हणून हे सगळं करतेस? या लोकांना आडवळणाने विचारता येत नाही. मीही मग सरळ सांगून टाकलं. जे तुला सांगितलं नाही, भाऊजींना नाही, देवालाही शब्द लावून कधी सांगितलं नाही, ते माझ्या मोडक्या डचमध्ये त्यांना सांगितलं. त्या मग म्हणाल्या, म्हणजे तीन वर्षं तू हे माझ्यासाठी करतच नव्हतीस. ताई, मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी उठायला लागले, तर त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मी तोही धुतला. पुसताना काहीच दिसत नव्हतं मला.

आपल्याकडे मयताच्या प्रार्थनेत तासभर गुण गातात. इथे पाळकांनी आजींच्या मोज्यांचा, अंथरुणांचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. फुलं नाहीत, नुसता खोका. नंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. त्यांची भाची म्हणाली, शेवटच्या दिवशी त्या फार भ्यायल्या होत्या, सारखं विचारत होत्या, मला घेईल का तो? मी तिथे नव्हते. याही वेळी नव्हते.

आता हे पत्र का, ते लिहिते. फोनवर सांगितलं असतं, तर पुन्हा आमटी उतू गेली असती. त्या जुलैत माझं इथे राहण्याचं जुनं कार्ड संपलं होतं आणि नवं अडकलं होतं, हे खरं. ते मिळेपर्यंत देश सोडता येत नव्हता, हेही खरं. मग तू शुक्रवारी मंडळीला उपासाला बसवलंस. आईने गोळीपुरतंच पाणी घेतलं, हे तू व्हिडिओवर दाखवत होतीस आणि फोन फिरवायच्या आत मला तिच्या छातीवरची कॅन्सरची जखम दिसली. ताई, कार्ड त्याच शुक्रवारी दुपारी मिळालं. मी ते घेऊन घरी आले आणि तुला मेसेज केला, अजून नाही. मला आईला तसं बघायचं नव्हतं. भ्याले मी. उद्या कळवू, परवा कळवू म्हणता म्हणता बावीस दिवस गेले, आणि प्रभू, त्या सरकारचं मन वळव म्हणत म्हणत आई गेली. कार्डाची झेरॉक्स सोबत आहे, तारीख बघ. क्षमा मागत नाही, ती मी हेनी आजींचे पाय धुऊन कमवायला बघत होते, आणि ती तशी मिळत नाही एवढं मला कळलंय. माझ्याशी जन्मात बोलू नकोस. पण रविवारी गोधड्या राहू दे आणि मेजाशी जा. त्याने तुझं त्याच दिवशी ऐकलं होतं, ताई. नाही म्हणाले ती मी.

अजून म्हणवत असेल तर, तुझीच,
शुभदा