गेटच्या चावीबद्दल, दिल्लीहून

आणि म्हणूनच मी पुन्हा लिहून राहिलो बाबा, कारण फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता आणि मोबाइल आईच्या हातात देता. कागद तसा देता येत नाही, आईला वाचता येत नाही. (नमस्कार पहिल्या ओळीत लिहायचा असतो, ठाऊक आहे. तो इथं घ्या. तुमचा गुडघा, आईचा खोकला आणि काळी गाय, तिघांचीही तब्येत कळवा.) तुमचं म्हणणं असं की हिमांशु कुठं टिकत नाही. खरं आहे. बिरसीला विमानतळावर गार्ड होतो, तिथून पळालो. नागझिऱ्यात गाईड झालो, तर वाघ दिसला नाही की पर्यटक माझ्याकडेच असे पाहत जसा मीच तो घरी बांधून आलो, तिथूनही पळालो. पण दिल्लीच्या या विद्यापीठात चौदा महिने झाले, आणि परवा मी इथं शिकवलं. हसू नका. नववी नापास माणसानं एम.ए.च्या पोरांना शिकवलं.

माझं काम खुर्च्या पुसायचं, फळा पुसायचं आणि प्रोजेक्टर चालू करायचं. ते मशीन आपल्या ट्रॅक्टरसारखं मध्येच बंद पडते, म्हणून मी मागच्या बाकावर बसून राहतो, म्हणजे दोन सेमिस्टर फुकट शिकलो. मॅडमचा विषय तीन घासांचा: लोकशाहीकरण, प्रादेशिक एकात्मता, परराष्ट्र धोरण. आधी वाटलं, हे डोक्यावरून जाणार. मग ध्यानात आलं. एकाच्या मुठीतलं चौघांच्या हातात कसं जाते, ते पहिलं. शेजाऱ्यांनी आपापली आकड न सोडता एकत्र कसं नांदायचं, ते दुसरं. आणि व्याह्याच्या घरच्या तेरवीला जायचं की नाही, गेलोच तर जेवायचं की नुसतं पाणी पिऊन उठायचं, ते तिसरं. (तिसऱ्यात तुमच्याइतका अभ्यास मॅडमचाही नाही.)

परवा मॅडम विचारत होत्या की एक नदी दोन देशांतून जाते, पाणी कमी पडलं, तर वरच्यानं खालच्याला किती सोडायचं आणि ते ठरवायचं कुणी? पोरं आपापल्या मोबाइलात. माझ्या तोंडातून मागूनच निघालं की आमच्याकडे पाणकर ठरवते. मॅडमनं मला पुढं बोलावून हातात खडू दिला. मी आपला जुना मालगुजारी मामा तलाव काढला, पाळ काढली, पाट काढला, वर आपलं गाव, खाली व्याह्यांचं. सांगितलं की आमच्या पूर्वजांनी तलाव बांधला तेव्हाच रीत घालून दिली: पाणी वाटणारा पाणकर असा नेमायचा की ज्याची स्वतःची धानाची एकही बांधी त्या तलावाखाली नाही. त्याची मजुरी दोन्ही गावांनी द्यायची. तलावाच्या गेटची चावी त्याच्याच कमरेला, पाटलाच्याही नाही. आणि टंचाईच्या वर्षी पाळी शेपटाकडून, सगळ्यात खालच्या बांधीला पहिलं पाणी. पोरं लिहून घ्यायला लागली. बाबा, माझं बोलणं कुणी लिहून घेतलं ते आपल्या गोरेगावच्या बाजारात पोलिसानं बिनालायसन गाडी पकडली त्यानंतर पहिल्यांदाच.

मग पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "भैया, और ऊपरवाला नहीं माना तो?"

तिथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. की वरच्यानं नाही मानलं. की दोन वर्षांपूर्वी तलावाच्या सभेत आपल्या निशाच्या सासऱ्यांनी, कैलाश मामाजींनी, एवढंच विचारलं की आमची पाळी काऊन चुकली, आणि तुम्ही दुलीचंद पाणकराला काढून चावी स्वतःच्या करदोड्याला बांधली. की गेल्या वर्षी निशाच्या घरचा धान निसवायच्या वेळी उभ्याउभ्या वाळला, तेव्हापासून ती माहेरी आली नाही, आणि तुम्ही काऊन म्हणून विचारलंही नाही. पण तीस पोरं माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. मी म्हणालो, "मानते. कारण वरच्या गावाची पोरगी खालच्या गावात दिलेली असते. बाप आपल्या पोरीचं पाणी तोडत नाही."

मॅडमनं ते वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. तास संपल्यावर मी फळा पुसायला गेलोच नाही, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या.

आता अडचण अशी की मॅडम बारा पोरं घेऊन दिवाळीआधी ही लोकशाही पाहायला येतो म्हणतात. आईला सांगा, चहाचे कप मागून आणावे लागतील. आणि चावी दुलीचंदच्या कमरेला दिसली पाहिजे, निदान दोन दिवस.

तुमचा,
हिमांशु

ता.क. दोन दिवसांचं सोडा. धान आत्ता पोटरीत आला असेल. यंदा पाळी निशाच्या बांधीपासून सुरू करा, एवढंच मागून राहिलो. चावी द्यायला स्वतः जायला जड जात असेल तर आईच्या हाती पाठवा, ती काही विचारणार नाही.

आणखी एक. मॅडमचं येणं कालच रद्द झालं, वरून खर्च मंजूर झाला नाही. हे न लिहिताच पत्र टाकणार होतो, पाहुण्यांच्या लाजेनं तुम्ही गेट उघडलंच असतं. पण तीस पोरांशी एकदा खोटं बोललो, तुमच्याशी जमेना. म्हणजे पाहायला कुणी येणार नाही, तुमचं तुम्हीच ठरवा. दुलीचंद मजुरी पाहिल्याशिवाय तलावाच्या पाळीवर चढणार नाही, आणि आपल्या गावात वर्गणी मागायला आता कुणी उठणार नाही, म्हणून आपल्या गावाचा वाटा मी आईच्या खात्यात पाठवून राहिलो: रुपये चार हजार दोनशे.