दुसरी स्प्रिंग

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. ठोंब्यास,

मावशीचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे जसे असायचे तसेच आहेत. तुझं जुन्या दिव्यांचं दुकान बरं चाललंय हे ताईकडून, म्हणजे तुझ्या आईकडून कळतं. तू फोन करतोस तो फक्त मावशीची सही कधी मिळणार हे विचारायला. आणि मी जरा आवाज चढवला की "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये" सुरू करतोस. म्हणून पत्र. पत्रापुढे ते नाटक चालत नाही.

तू पाठवलेला कागद मिळाला. माझ्या टेबलदिव्याचा दांडा, दिवा लावल्यावर हळूहळू खाली झुकतो, तो मी मुद्दामच तसा योजला होता, असं मी लिहून द्यायचं! हे कुणाच्या डोक्यातून निघालं, तुझ्या की तुझ्या त्या काचवाल्याच्या? मी त्या संग्राहकाला काचवालाच म्हणणार. दिवे काचेच्या कपाटात ठेवतो, बल्बसुद्धा काढून ठेवतो. पाहुणे आले की तेवढ्यापुरता एक दिवा लावून तो झुकताना दाखवतो आणि पाहुणे म्हणे टाळ्या वाजवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा प्रकार.

आता मुकाट्याने ऐक, कारण ही तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. तेव्हा दिवा म्हटलं की झालरी, लोंबणारे मणी, पितळेची पानंफुलं. आमच्या दिव्यांच्या कारखान्याचे मालक म्हणायचे, "बाई, निदान एक तरी फूल काढा." मी म्हटलं, "लोक फूल वाचत नाहीत, पुस्तक वाचतात." मला हवं होतं ते एवढंच: उजेड पानावर पडावा, डोळ्यांत जाऊ नये, आणि एका बोटाने दिवा पाहिजे तिथे नेता यावा. जड बूड, दांडा, मध्ये कोपर, वर पत्र्याची टोपी. संपलं. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मग वाचनालयांनी घेतला, दवाखान्यांनी घेतला, नाकं मुरडणाऱ्यांनीही घेतला. त्याच्यामागून मी आणखी बरेच दिवे केले, छताचे, भिंतीचे, पण लोकांच्या टेबलावर राहिला तो हाच.

आणि मग तक्रारी यायला लागल्या. कोपरातली स्प्रिंग कमजोर निघाली. दिवा बराच वेळ जळला की ती तापून सैल पडायची आणि टोपी खाली खाली यायची. एका ग्रंथपालांच्या टकलावर तिने चांगला गोल उमटवला होता. भला माणूस बिचारा, रुमाल बांधून स्वतः कारखान्यात आला, आणि वर मलाच म्हणाला, "घाबरू नका."

यात कसली आलीय योजना? चूक होती ती! माझा अंदाज चुकला होता. मालक म्हणाले, पुढच्या मालात सुधारा, विकलेलं विसरा. मला नाही विसरता आलं. सुट्टीच्या दिवशी पिशवीत पाना, पक्कड आणि स्प्रिंगा घालून घरोघर हिंडले. कोपरावरची चकती काढायची, आत एक बारकी दुसरी स्प्रिंग बसवायची, चकती लावायची. कुणी चहा द्यायचं, कुणी दारातूनच पिटाळायचं. आयुष्यात ज्याचा खरोखर अभिमान वाटतो असं माझ्याकडे काय असेल, तर ती हिंडलेली दारं.

आणि तुझा काचवाला म्हणतो, दुसरी स्प्रिंग असलेल्या दिव्यात "नंतर कुणीतरी हस्तक्षेप केलेला आहे." कुणीतरी? अरे, मीच की ती! तू दाखवायला नेलेला दिवा त्याने परत धाडला, कारण काय, तर तो सरळ उभा राहतो! म्हणजे ज्या घरांपर्यंत मी पोचू शकले नाही, तेवढेच दिवे अस्सल. पडलो तरी नाक वर म्हणतात ना, इथे पडले मी आणि नाक वर करतोय हा बाबा.

पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? त्याने छापलेलं पुस्तक आलं तेव्हा मी हरखून गेले होते. मुखपृष्ठावर माझा तरुणपणीचा फोटो, हातात पाना. दिव्यांच्या खोक्यांवर नेहमी कंपनीचं नाव असायचं, माझं कधी कुठे आलंच नाही. शेजारीण मला अजून निवृत्त कारकून समजते. तिला मुद्दाम हाक मारून पुस्तक दाखवलं. आत दिव्याच्या झुकण्याला "वाचकापुढे नम्र झालेला प्रकाश" म्हटलंय. नम्र, डोंबलाचा! तरीही पुस्तक उशाशी घेऊन झोपले. आणि तुझ्या कागदावर सही करायला पेनाचं टोपण काढलंही होतं, ठोंब्या. म्हटलं, काचवाला म्हणतो तसं माझ्या दिव्यांचं मोठं प्रदर्शन होईल, चार लोक ओळखतील, कुणाचं काय जातंय? काचवाला दिवा लावून वाचत थोडाच बसतोय, चटका बसणार कुणाला?

चटका. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण आता लिहितेच.

ताई हल्ली फोन डाव्या हातात धरते, हे तुझ्या लक्षात आलंय का? एकाच घरात राहता तुम्ही. इस्त्री लागली म्हणाली ना तुला? अरे शहाण्या, तुमचे कपडे किती वर्षं बाहेर इस्त्रीला जातात! तुला ते खरं वाटलं, कारण तुला दुकानात जायची घाई होती.

तिच्या शिवणाच्या टेबलावरचा दिवा तूच उघडलास ना? "साफ करून देतो आई" म्हणून? आणि मी बसवलेली स्प्रिंग काढून घेतलीस, म्हणजे काचवाल्याला दाखवायला अस्सल माल तयार. तिला सांगितलंसही नाहीस. ती अजून जुनाच पिवळा बल्ब लावते, पांढऱ्या उजेडात दोरा दिसत नाही म्हणते. काजं करता करता तिचा डोळा लागला. टोपी उतरत उतरत तिच्या मनगटावर येऊन बसली. म्हातारं कातडं रे ते, हात मागे घेईपर्यंत सोलून निघालं. दवाखान्यात शेजारणीला घेऊन गेली, तुला कळू नये म्हणून. आणि मला फोनवर काय म्हणाली असेल? "अगं, त्याला बोलू नकोस. एवढा सौदा जमत आलाय त्याचा. आणि तुझंही प्रदर्शन आहे ना."

भाजल्या हाताने ती आपल्या दोघांची काळजी करतेय! मला स्वतःची लाज वाटली. आणि तुझा एवढा संताप आला, की समोर असतास तर तुझ्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नसता. मी तिला कबूल काही केलं नाही, नुसतं "हं" म्हटलं. तेव्हा वचन मोडलं असं कुणी म्हणू नये.

सही मिळणार नाही. दिवा झुकायचा ती चूक होती आणि ती मी दुरुस्त केली, एवढंच मी लिहून देईन. तेवढ्यावर काचवाल्याला प्रदर्शन करायचं असेल तर खुशाल करू दे, नाहीतर राहिलं. मला ते प्रदर्शन हवं होतं रे. फार हवं होतं. हे लिहिताना रडू येतंय आणि त्याचाही राग येतोय.

स्प्रिंग जिथे ठेवली असशील तिथून काढ आणि आजच्या आज बसव. हरवली असली तर तसं कळव, मी पिशवी घेऊन येते, अजून जमतं मला. पण त्याच्या आधी, हे पत्र खाली ठेवून आईकडे जा. ती बाही खाली ओढेल, "काही नाही रे" म्हणेल. ऐकू नकोस. बाही वर कर आणि तो हात नीट बघ.

तुझ्या आईची
धाकटी बहीण