मामा, तुझं गाऱ्हाणं अल्बमवर आलं!

प्रिय मामा,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहायचं मनात होतं, पण लिहायला काही बातमी हवी ना? नुसतं 'तुझी आठवण येते' असं लिहिलं असतं, तर तू म्हणाला असतास, "ह्या माका ठावक आसा, फुडे बोल." आज बातमी आहे. आपल्या बँडचा पहिला अल्बम पुढच्या शुक्रवारी येतोय! आणि त्यावर तुझा आवाज राहणार की नाही, ते कालपर्यंत ठरत नव्हतं. काल ठरलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

भानगड सुरू झाली ती माझ्या तोंडामुळे. गेल्या महिन्यात पार्ल्याची एक मुलगी आमची मुलाखत घ्यायला आली होती. पॉडकास्ट करते. मोठी अभ्यासू पोरगी, आमची सगळी गाणी ऐकून आलेली. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्यावर प्रभाव कोणाकोणाचा?" आता डेथ मेटल वाजवणाऱ्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं, तसं माझ्याकडेही होतं. फ्लोरिडाचे जुने बँड, स्वीडनचा तो करवत चालवल्यासारखा गिटारचा आवाज, वगैरे वगैरे. खोटं नव्हतं रे! हे सगळं ऐकतच तर मोठा झालो.

पण तिने पुढचा प्रश्न विचारला. "डेथ मेटलमध्ये गायक गुरगुरतो, शब्द कुणाला कळत नाहीत. तुमचा शब्द न् शब्द कळतो. असं का?"

झालं! मी जो तुझ्यावर सुरू झालो तो थांबेना. आमचा ड्रमर जिग्नेश मला पायाने ढोसत होता, पण छे.

तिला सांगितलं, माझा मामा सोमवार ते शनिवार चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या गाळ्यात कामाला, आणि रविवारी आमच्या गाववाल्यांच्या मंडळाच्या दशावतारात राक्षस. आयुष्यभर राक्षस! देवाचं काम कधी मागितलंही नाहीस. "देवाक काय काम आसता? हात वर करून उभो ऱ्हवता," म्हणायचास.

तुझी एन्ट्री आठवते. तोंडाला तो लाल-पांढरा रंग, डोक्यावर डुगडुगणारा मुकुट, आणि हॉलच्या मागच्या दारातून आलेली ती आरोळी. पहिल्या रांगेतली सगळी पोरं आयांच्या मांडीत घुसायची. मी मात्र उभा राहून ओरडलो होतो, "परत कर!" आणि तू नाटक थांबवून, खरोखर मागे जाऊन, परत एन्ट्री घेतलीस! आई सांगते की देवाचं काम करणारा नट आठवडाभर तुझ्याशी बोलत नव्हता. बरोबरच आहे त्याचं.

मग मी कॉलेजात बँड काढला आणि घरी, बोरिवलीला, बेडरूममध्ये गुरगुरायची प्रॅक्टिस सुरू केली. सोसायटीच्या सेक्रेटरीने आईला विचारलं, "मुलाला डॉक्टरला दाखवलंत का?" आईने तुला फोन केला. तू आलास, दाराबाहेर उभा राहून ऐकलंस, आत आलास. मला वाटलं आता फटका पडणार. तू म्हणालास, "नरड्यातसून वरडतंस मेल्या! धा मिन्टात घसो बसतलो. पोटातसून काढ." आणि माझ्या पोटावर हाताची मूठ ठेवून मला जमिनीवर आडवा पाडलास. तीच माझी पहिली शिकवणी. आई डोक्याला हात लावून बसली होती.

दुसरी शिकवणी त्याहून कडक होती. आमचं पहिलं गाणं ऐकून तू तोंड वाकडं केलंस. "बोलतास काय ता कळाक नाय. राक्षस काय म्हणता ता शेवटच्या रांगेतल्या म्हातारेक कळाक व्हया. तेचीय काय बाजू आसा ना?" मामा, हे वाक्य मी त्या मुलीला जसंच्या तसं सांगितलं. ती लिहून घ्यायची थांबली आणि नुसती ऐकत बसली.

बँडचं नावही तूच बदलायला लावलंस. आधी काहीतरी भयंकर इंग्रजी नाव होतं, आता मला उच्चारायलाही लाज वाटते. "भूत होया तर आपल्या गावचा घेवा ना! भायरसून कित्याक आणतास?" म्हणून आम्ही झालो 'गिरो'. ओढ्याकाठी माणसाला चकवणारं आपलं मालवणी भूत. घाटकोपरचा जिग्नेश अजूनही लोकांना समजावतो की गिरो म्हणजे नेमका कोण, आणि दर वेळी वेगळंच सांगतो.

आणि गाळा! सोसायटीने आम्हाला हाकलल्यावर तूच शेठकडून रविवारची चावी मागून घेतलीस. मशिनं बंद, आणि चारी भिंतींना छतापर्यंत बादल्यांच्या चळती. रेकॉर्डिंगवाला पहिल्यांदा आला तेव्हा टाळ्या वाजवून आवाज तपासून म्हणाला, "भारी आहे, घुमत नाही अजिबात. कोणी डिझाइन केलं?" तू छाती फुगवून सांगितलंस, "मी." चाळीत मात्र सगळ्यांना सांगत होतास की भाचा भजनी मंडळात आहे, फक्त जरा मोठ्या आवाजाच्या.

तुझं ऐकलं तेवढं पुरे नव्हतं तुला. अल्बममध्ये एखादी गौळण टाका म्हणून मागे लागला होतास. पेटी वाजवणारा आणतो म्हणालास. ते मात्र आम्ही ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही, सॉरी!

पण जिग्नेशला तू नेलंस हे बरं केलंस. मंडळाच्या प्रयोगाला त्याला पखवाजवाल्याच्या शेजारी बसवलंस. लढाईला पखवाज आणि झांज सुटली तेव्हा त्याचे डोळे एवढे मोठे झाले होते! "यार, हे तर आपलंच आहे ना," म्हणाला. चौथ्या गाण्यातली ड्रम्सची ती सगळी झोंबाझोंबी तिथून आली. तेही मुलाखतीत सांगितलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण शेवटी त्या मुलीने विचारलं, अल्बमची सुरुवात कशी होते? आणि मी बोलून बसलो, "मामाच्या गाऱ्हाण्याने. आमच्या कोकणात कामाला लागण्याआधी देवाला घालतात ते."

ते बँडबाहेर अजून कुणालाच माहीत नव्हतं, मामीलाही नाही! तूच म्हणाला होतास ना, "हिका आत्ताच सांगू नको, टेप इली काय ऐकवूया, गंमत करूया"? आणि त्यानंतर महिन्याभरात दुपारी बांगड्याचं तिखलं जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. ही कुठली गंमत, मामा? मला एकट्याला त्यात अडकवून गेलास. मी आपला अल्बम आल्यावर मामीला ऐकवू म्हणून गप्प राहिलो, आणि तिने ते तुमच्या सायलीच्या मोबाइलवर मुलाखतीत ऐकलं.

फोन आला. "हय ये." बस्स, एवढंच.

गेलो. सोलकढी पुढे ठेवली आणि सुरू झाली. "गाऱ्हाणा काय वाजवूची वस्तू आसा? देवाक सांगणा घातल्यानी ता! माका सांगूक तुमका काय झाला होता?" मी ऐकून घेतलं. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

"होय कोणी म्हटल्यान?"

मामा, तुला आठवतो ना तो रविवार? तू अंघोळ करून, टोपी घालून आलास. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, फक्त मामा बोलतील, बाकी कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. तू माइकला नमस्कार केलास आणि सुरू केलंस. "बा देवा म्हाराजा! ही पोरां आज जी काय टेप करतत, तेका यश दी रे म्हाराजा!" आणि थांबलास. "जो कोण आडो येयत तेका बाजूक कर रे म्हाराजा!" परत थांबलास. "तेंच्या शेजाऱ्यांचे कान शाबूत ठेव रे म्हाराजा!" परत. प्रत्येक वेळी तू आमच्याकडे बघत होतास, आणि आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून, शहाण्यासारखे चिडीचूप.

गाऱ्हाण्याला चार माणसांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं, हे मला कळत नव्हतं का? लहानपणापासून म्हणत आलोय! पण समोर माइक आला आणि रेकॉर्डिंगच्या नियमापुढे घरची रीत साफ विसरलो.

मी मामीला म्हटलं, कोणीच नाही. तिने माझ्यापुढची सोलकढी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ते बोलत ऱ्हवले आणि तुमी कोण होय म्हणूक नाय. मगे ता देवाकडे पोचतला कसा? ता अर्धा ऱ्हवला. अर्धा गाऱ्हाणा भायर जावचा नाय."

मी जिग्नेशला घेऊन परत गेलो. त्याने बाजू मांडली, "मामी, त्या शांततेतच तर सगळी भीती आहे ना. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो." आता हे मामीला सांगायची गोष्ट आहे का, तूच सांग! मामी म्हणाली, "तुका काटो येता. माका काय येता ता इचार."

आम्ही म्हटलं, ऐकून तरी बघ. "नको. माका ऐकवू नको." तिला तुझा आवाज ऐकायची भीती वाटत होती, मामा. ती तसं बोलली नाही, पण मला दिसत होतं. मग मी विषय सोडला. जिग्नेशला सांगितलं, काढून टाकू, दुसऱ्या गाण्यापासून सुरू करू. तो बिचारा 'ठीक आहे' म्हणाला, आणि आम्ही दोघं चारकोप नाक्यावर चहा पीत तोंडं पाडून उभे राहिलो. खरं सांगू? मला अल्बमच नकोसा झाला होता.

आणि काल, रविवारी, आम्ही गाळ्यात होतो तर दारात मामी! सायलीला घेऊन, चांगलं लुगडं नेसून. बादल्यांकडे एकदा बघितलं. मी खुर्ची दिली. म्हणाली, "ऐकव. सगळा ऐकव. कापलेला माका नको."

म्हणून मी तो मूळ तुकडा लावला, जिग्नेशने शेपूट छाटायच्या आधीचा. तुझा आवाज आला. "बा देवा म्हाराजा!" मामीने पदर तोंडाला लावला. तू पहिली ओळ म्हणालास आणि थांबलास.

आणि मामी म्हणाली, "होय म्हाराजा."

अगदी हळू, रोजच्या आवाजात. दुसऱ्या ओळीला परत म्हणाली, आता जरा मोठ्याने. शेजाऱ्यांच्या कानांच्या ओळीला ती हसली रे! आणि मग आम्हीही धरलं. मी, सायली, जिग्नेश, सगळे. दर थांब्याला गाळा दणाणत होता.

गाऱ्हाणं संपलं. मी बंद करायला गेलो, मामीने हात धरला. टेपवर पुढे तू बोलत होतास, ते आम्ही त्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं आणि इतक्या महिन्यांत परत ऐकलंच नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं समजून, जरा चिडून, आमच्याकडे वळून:

"काय रे, सगळे मुके झालास? कोण आसा काय नाय हय?"

मामी त्या स्पीकरला म्हणाली, "आसंय ओ. मी आसंय हय."

गाळ्यात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जिग्नेश बादल्या मोजायचं नाटक करत होता. मग मामीच उठली, नाक पुसलं आणि म्हणाली, "परत लाव. आणि तो माइक हय आण. आता टेप कर."

तर मामा, अल्बमची सुरुवात आता अशी होते. तू गाऱ्हाणं घालतोस, आम्ही होय म्हणतो, तू विचारतोस कोण आहे की नाही, मामी तुला उत्तर देते, आणि ड्रम्स सुटतात. जिग्नेश म्हणतो त्याला आता अंगावर काटा नाही येत, रडू येतं, आणि डेथ मेटलवाल्याला हे शोभत नाही. रडू दे त्याला.

एक शब्द देतो. यापुढे 'गिरो' कुठेही वाजवो, आधी तुझं गाऱ्हाणं लागेल. आणि समोरचं पब्लिक, मग ते मराठी असो, गुजराती असो, नाहीतर थेट स्वीडनचं, जोवर तुला मोठ्याने होय म्हणत नाही, तोवर मी गिटारला हात लावणार नाही.

शेवटच्या रांगेतल्या म्हातारीसकट सगळ्यांना कळेल असं गाणारा,
तुझा भाचो,
प्रसाद