फोडणीविना पाच दिवस

देवळाली प्रवरा

चि. निकितास ताईचा आशीर्वाद,

आईचे गुडघे कसे आहेत? मी दोन्ही वेळा जेवते, असं तिला सांग. हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

आदू गेल्यावर तू मिरजगावहून आलीस आणि विचारलंस, ताई, नेमकं काय झालं? मला बोलता आलं नाही. फोनवरही जमत नाही, म्हणून लिहिते.

आदूच्या अंगावर गोवर दिसला तशी सासूबाईंनी दारात कडुलिंबाचा डहाळा लावला. म्हणाल्या, "गोवर समदा भाईर पडू दे, तवर सुई लावायची न्हाई." गोवरात फोडणीचा वास चालत नाही म्हणतात, म्हणून मीही पाच दिवस घरात फोडणी दिली नाही. सगळं नीट पाळतेय, याचं मला समाधान वाटायचं गं. चौथ्या दिवशी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मला वाटलं, रडून दमलाय. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया झालाय, कालच आणायचं होतं.

सासूबाईंना बोल लावू नकोस. आदू नऊ महिन्यांचा असताना गोवराच्या लशीला बोलावलं होतं. सर्दी आहे म्हणून मीच नेलं नाही. पुढे राहूनच गेलं.

तुझी ओवी या महिन्यात नऊ महिन्यांची होईल ना? नाक वाहत असलं तरी घेऊन जा, काय ते सिस्टर ठरवतील. लस दिली की कार्डाचा फोटो पाठव.

आता घरात फोडणी देते. मोहरी तडतडली की पटकन झाकण ठेवते. आवाजानं आदू उठेल, असं वाटतं.

तुझी
शालनताई