न फोडलेला सिनेमा

ती. अक्का,

साष्टांग घातला तर उठवायला घरात कोणी नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुमची झोप कशी आहे? माझी खुर्चीत येते, पलंगावर निघून जाते.

तुमची बहीण गेल्यापासून तिचं कपाट मी उघडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात उघडलं, तर स्वेटरांखाली तिच्या त्या लाडक्या हॉलिवूडच्या जुन्या सिनेमाच्या दोन डिस्क (तोच तो, ज्यात दोघं भांडून भांडून शेवटी लग्न करतात, आम्ही उलट क्रमाने गेलो). एक पाहून पाहून ओरखडलेली, मशीनमध्ये घातली की नुसती कण्हते. दुसरी खास आवृत्ती, पेटीतली, वेष्टनही न फोडलेलं. "ही म्हातारपणासाठी," म्हणायची. म्हातारपण आलं ते एकट्या माझ्या वाट्याला.

दुकानात चष्मा करायला आलेल्या एकाला हे सहज सांगितलं (हल्ली मी गिऱ्हाइकांना नको तेवढं सांगतो), तर तो निघाला असल्या वस्तूंचा संग्राहक. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून घरी हजर! पेटी त्याने तान्ह्या बाळासारखी उचलली. नायिकेचा तोरा काय, चित्राची छपाई काय, अशी पेटी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही... मला भरून आलं. म्हटलं, अखेर हिच्यासारखं वेडं माणूस भेटलं. विचारलं, "तुम्हाला कुठला प्रसंग आवडतो?"

"पाहिला नाही हो कधी," तो म्हणाला. "पाहायचा तर फोडावा लागतो ना!"

अक्का, माझं डोकंच फिरलं. त्याच्या डोळ्यांदेखत मी वेष्टन टराटरा फाडलं. तो मटकन बसला. साखरपाणी द्यावं लागलं. मग मी सिनेमाच लावला. दोघेही सुतकी चेहऱ्याने शेवटपर्यंत पाहत राहिलो. तो एकदाही हसला नाही. मीही नाही. इतकी वर्षं मी हसायचो ते तिच्याकडे बघून. पडद्यावर काय चाललंय याच्याशी माझा संबंधच आला नव्हता, हे तेव्हा कळलं. जाताना त्याने फाटलेलं वेष्टन मागून नेलं.

बाकी ठीक.

तुमचा,
चष्मेवाला

ता. क. : आमची लिफ्ट बंद आहे. चार जिने आहेत. येण्याची तसदी घेऊ नका.

आणखी ता. क. : लिफ्ट चालू आहे. तुमचं हसू हुबेहूब तिचं, आधी नाकातून, मग पार ठसका लागेपर्यंत. ते मला सोसेल का, याची धास्ती वाटली म्हणून खोटं लिहिलं. रविवारी या. सिनेमा तुम्ही पाहा. माझी खुर्ची मी पडद्याकडे पाठ करून ठेवली आहे.