ग्लेनचा कॅम्पर, ऑड्रेचा ट्रेलर

लुइसटाउन, मोंटाना
६ एप्रिल १९९६

ती. व्हर्नदादास,

सा. न. आम्ही दोघं हिंडतोफिरतो आहोत, तेव्हा खुशाल म्हणायला हरकत नाही.

ग्लेनचा कंपवात वाढलाय. उजव्या हाताला आता चमचाही धरवत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, आणि कुठे जायचं असेल तर याच वर्षी जाऊन या म्हणाल्या. आमच्या टेसाला जुलैत बाळ होणार. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर तिची खोली मासळीच्या दुकानावर, जिना शिडीसारखा उभा. म्हणून आमचं बिऱ्हाड आम्हीच बरोबर न्यायचं ठरलं. भांडण एवढंच, की कशात.

ग्लेन म्हणतो कॅम्परच. ट्रकच्या पाठीवर खोली बसवली की झालं, मागे शेपूट नको. मला ट्रेलर बरा वाटतो, गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. पायरी बुटकी, पलंगही ठेंगणा. पण तो ओढायचा मला, आणि तो मागे घ्यायची मला भीती वाटते. शनिवारी दुकानात कॅम्पर पाहिला. त्यातला बिछाना ड्रायव्हरच्या डोक्यावर, माळ्यासारखा. ग्लेन दोनदा घसरून तिसऱ्यांदा चढला, पण उतरता येईना. वीस मिनिटं वर बसून मला खिडकीतून डोंगर किती छान दिसतात ते ऐकवत होता! शेवटी विक्रेत्याने आणि मी मिळून त्याला खाली उतरवलं. घरात पाय ठेवताच म्हणतो, कॅम्परच घ्यायचा.

तूच काय ते सांग. माया असतेच तुझी, या खेपेला सल्लाही लवकर पाठव.

तुझी ऑड्रे

यूमा, ॲरिझोना
१५ एप्रिल

चि. ऑड्रेस अनेक आशीर्वाद.

मी आणि तुझी वहिनी आयरीन अकरा वर्षं कॅम्परमध्ये हिंडलो. खडकाळ वाट असो की गावातली गल्ली, कुठेही घुसायचो. पुढे तिचे गुडघे गेले तशी ती खाली जेवणाच्या बाकावर निजायला लागली. म्हणायची, वर उकडतं. मी खरं मानलं. दोन उन्हाळे मी वर ऐसपैस घोरत होतो आणि ती खाली अंग मुडपून. ती गेल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं, की व्हर्नने एकदा तरी खाली येऊन विचारावं असं तिला वाटायचं.

ट्रेलर घे. दोघांना शेजारी निजता येईल असा घे.

मागे घ्यायचं भय सोड. स्टिअरिंग खालच्या बाजूला धर. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात ने, अगदी सावकाश. चुकलं तर पुढे ये आणि पुन्हा कर. मी आयुष्यभर मालाचा ट्रक हाकला, अजून चुकतो. जत्रेचं मैदान रिकामंच असतं, तिथे शीक. आणि ग्लेनला खुणा करायला मागे उभा कर. त्याला काम दे, नाहीतर शेजारी बसून तुझं डोकं खाईल.

दोघांना सांभाळून असा.

व्हर्न

लुइसटाउन
२० मे

मेव्हणे व्हर्न यांस दंडवत.

अक्षराला हसू नकोस. हात माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो का बघ.

तुझं पत्र ऑड्रेने वाचून दाखवलं. आयरीनची गोष्ट आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. कॅम्परचा हट्ट मी का धरला होता सांगू? एखाद्या रिकाम्या रस्त्यावर ती म्हणेल, स्टिअरिंग घे रे जरा वेळ तू, अशी आशा होती. मागे ट्रेलर लागला की तीही गेली. तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, व्हर्न. त्या दिवशी हे तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं, तू कधी बोलतोस याची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चल, ट्रेलर बघू.

सोळा फुटी मिळाला. पहिल्या रविवारी जत्रेच्या मैदानावर बाईसाहेबांनी खुणेला मांडलेली पाच पिंपं आडवी केली. मी हाताने खुणा करतोय, तर खिडकीतून ओरडली, की हे डावीकडे आहे, उजवीकडे आहे, की नुसता तुझा आजार आहे? हसता हसता दोघंही मातीत बसलो. आता चांगल्या हातात लाल रुमाल धरतो. काल एकही पिंप पडलं नाही.

तुझ्या बहिणीसारखी जिद्दी बाई मी पाहिली नाही. राग नसावा, असला तर विसरावा.

ग्लेन

न्यूपोर्ट, ओरेगॉन
२३ जुलै

ती. दादास सा. न.

नात झाली! नाव ओपल. जावळ दाट आहे, आवाज आजोबांचा.

पोचलो त्या संध्याकाळी ट्रेलर उभे करायच्या तळावरची सगळी मंडळी खुर्च्या टाकून माझी मजा बघायला बसली होती. एक टोपीवाला म्हणाला, बाई, मी लावून देऊ? ग्लेनने त्याला सांगितलं, बाजूला व्हा, ती काम करतेय. चौथ्या खेपेला ट्रेलर नीट जाऊन बसला. ग्लेन रुमालाने डोळे पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता. धूळ कुठली, समोर समुद्र!

टेसा रोज दुपारी येते, बाळाला पलंगावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवते आणि स्वतः बाकावर गाढ झोपते. आम्ही हलतही नाही.

घरी परतावंसं वाटत नाही. नोव्हेंबरात तुझ्याकडे येऊन हिवाळा काढावा म्हणतो. ट्रेलर उभा करायला जागा आहे का? संकोच न करता कळव.

ऑड्रे

यूमा
१४ ऑगस्ट

चि. ऑड्रे आणि ग्लेन यांस आशीर्वाद.

पत्र आलं त्याच संध्याकाळी कुंपणाकडची कण्हेर उपटायला घेतली. चार दिवस लागले, कंबर धरली. मग खडी आणून पसरली, पाण्याचा नळ तिथवर नेला. जागा चाळीस फूट आहे. दहा वेळा मागेपुढे केलंस तरी कुणी काही म्हणणार नाही. शेजारणीला बजावून ठेवलंय, की टाळ्या वाजवायच्या नाहीत.

आता ऊन उतरलं की तिथेच खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतो. तुम्ही नोव्हेंबर म्हणता. ऑक्टोबरात निघालात तरी माझी काही अडचण नाही.

व्हर्न