मोनाली आधी कुशीवर वळली

॥ श्री मारुतीराया प्रसन्न ॥

सौ. अंजनाबाई विहीणबाईंना मोहर्लीकडच्या आशाबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. राग अजून उतरला नसेल तर आधी घोटभर पाणी प्या, मग पुढे वाचा. इकडे आम्ही सगळे देवाच्या दयेने बरे आहोत. व्याहीबुवांचा खोकला कसा आहे, तुमची कंबर काय म्हणते, पोंभुर्ण्यात ऊन किती वाढलं, ते कळवा. परवा फोनवर मी नमस्कार म्हणेपर्यंत तुमचं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवलाही गेला. म्हणून कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं, लिहिणाऱ्या बाईला मधात कोणी तोडत नाही.

तुमच्या भाच्याने, लोकेशने, तुम्हाला जे सांगितलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. मोनाली सातव्या महिन्यात देवळाच्या ओट्यावर गुडघे-हात टेकून होती, हे खरं. तिच्या शेजारी तिची सासूही तशीच होती, हेही खरं (ते त्याने सांगितलं नसेल तर पोराने माझी लाज राखली म्हणायची). आणि वरून भोंगा ओरडत होता, हे तर साऱ्या गावाला माहीत आहे. पण "मोनालीले देवळात जनावरासारखं चालवून राह्यले" हे त्याने आपल्या मनाने जोडलं. चहा न घेता गाडीला किक मारून गेला नसता तर मी त्याला सगळं समजावलं असतं. आता तुम्ही रविवारी गाडी घेऊन पोरीला न्यायला येता म्हणालात. विहीणबाई, त्याआधी माझं एकदा ऐका, मग काय करायचं ते करा.

झालं असं की पाचव्या महिन्यात मोनालीची कंबर धरली. मी म्हटलं, शेक घे आणि पडून राहा. (आमच्या काळी आम्ही मोहफुलं वेचत वेचतच बाळंतपणाला आलो, पण ते बोलून दाखवत नाही, दाखवलं की माझा पवन घरातून बाहेर निघून जातो.) चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाळ छान आहे, नाळ जागेवर आहे, हिला हलकं पिलाटेस करू द्या, पण शिकवणारीच्या नजरेखाली. पिलाटेस म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं काही औषध असेल, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायचं. तर तो व्यायाम निघाला. श्वासाबरोबर हळूहळू अंग हलवायचं, पाठ-कंबर-पोट सांभाळायला शिकायचं. शिकवणाऱ्या दुर्गा मॅडम चंद्रपूरला असतात आणि फोनमध्ये दिसतात. आता फोनमध्ये दिसायचं तर रेंज पाहिजे, आणि आमच्या गावात रेंज फक्त मारुतीच्या ओट्यावर येते. यात माझा काही दोष नाही. मारुतीची ती जागा आधीची आहे, टॉवर नंतर आला.

देवाच्या दारात सुनेने हात-पाय ताणायचे, हे माझ्या मनाला काही पटेना. मी आधी नानाजींना विचारलं. नानाजी म्हणजे आमच्या देवळाची पूजा-आरती पाहतात ते. ते म्हणाले, "बाई, मारुतीरायाले व्यायामाचं वावडं राह्यते का?" मग मी घरची जुनी सतरंजी नेली. मॅडमनी ती फोनमधूनच पाहून परत पाठवली, म्हणाल्या घसरते, पोटुशी बाई पडली तर काय करता. जाड चटई घ्यावी लागली. एक माणूस तिच्याजवळ हाताला असावं असंही त्या म्हणाल्या, तेव्हा मी शेजारी बसू लागले. आणि नुसतं बसून राहण्यापेक्षा, शिकवणं ऐकू येतंच आहे तर सतरंजीही वाया जाऊ नये, म्हणून मीही करू लागले. फी एकीचीच आहे. मॅडमना मी विचारून घेतलं.

आता तुमच्या पोरीबद्दल लिहिते, आणि मनापासून लिहिते. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी फार मऊ आहे, कोणी काही म्हटलं की हो म्हणते. मॅडमनी तिला नियम सांगितले: पाठीवर फार वेळ लेटायचं नाही, कुशीवर व्हायचं, श्वास कोंडायचा नाही, पोटावर जोर द्यायचा नाही, करता करता बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर जास्त झालं, चक्कर आली, दुखलं, रक्त किंवा पाणी दिसलं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. विहीणबाई, हे नियम ती असे पाळते जसे मी चतुर्थी पाळते. (तिची चतुर्थी तिने सोडली, डॉक्टरीणबाईंनी उपाशी राहू नको सांगितलं म्हणून. मी देवाला सांगून तिचे उपास माझ्या खात्यावर घेतले आहेत. आता मला दुप्पट होतात, पण साबुदाणा तेवढाच लागतो.)

एक दिवस तिला उठायला उशीर झाला, ऊन ओट्यावर आलं. मधातच ती थांबली, खाली बसली, म्हणाली डोळ्यापुढे अंधारलं. मी वारा घालू लागले आणि घालता घालता माझ्या तोंडातून निघून गेलं की थोडंच उरलं होतं, महिन्याचे पैसे तर भरून झाले. तेव्हा ती पाणी पिऊन माझ्याकडे पाहून काय म्हणाली, ते जसंच्या तसं लिहिते.

"आई, मी पैसे वसूल कराले नाई करत. लेकराले त्रास होईन तर आजचे गेले समजायचे."

आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. माझ्याशी असं बोलायची हिंमत पवनच्या बाबांनाही अजून झालेली नाही. त्याच दिवशी चंद्रपूरला दाखवून आणलं. सगळं नीट होतं, काहीतरी खाऊन, पाणी पिऊन, ऊन चढायच्या आधी करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही पहाटे जातो, आणि पहाटे गेल्यामुळेच भोंग्याचं प्रकरण झालं.

नामसप्ताहाच्या वेळी पवनने मोनालीच्या फोनमधून देवळाच्या भोंग्याच्या मशीनवर भजनं लावली होती. त्यानंतर तो फोन आणि ते मशीन, दोघांची अशी ओळख झाली की जवळ आले की आपसूक जोडले जातात. त्या दिवशी नानाजींनी काकड्यासाठी मशीन चालू केलं आणि इकडे आमचा वर्ग सुरू झाला. दुर्गा मॅडमचा आवाज एकदम खणखणीत आला. मला वाटलं, वा, आज रेंज काय छान आहे. मोनाली डोळे मिटून गुडघे-हात टेकून होती, तिने श्वासात लक्ष लावलेलं. आणि मॅडम नेमक्या बाळंतपणासाठी खालचे स्नायू कसे घट्ट करायचे ते सांगू लागल्या. लघवी रोखून धरतो तसे वर घ्या, धरून ठेवा, श्वास रोखू नका, आता सावकाश सोडा. हे सगळं भोंग्यातून शिवारभर. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाया जंगलाच्या कडेला वाकल्या होत्या, त्या जागीच सरळ उभ्या राहिल्या. आमचे हे नळावर होते, ते तसेच तांब्या घेऊन थांबले. नानाजी आरतीचं ताट हातात धरून, डोळे मिटून, मॅडम सांगतील तसा श्वास सोडत होते. कोण बोलतंय याचा त्यांनी विचारच केला नाही.

मला भोंगा कळला तेव्हा मीही गुडघे-हात टेकून होते आणि माझा गुडघा धरला. मला उठता येईना. मी नुसतीच म्हणत राहिले, मोने, फोन, मोने, फोन. आता कोणतीही बाई काय करेल? ताडकन उठेल. शरमेने मीच उठले असते, गुडघा असता तर. मोनालीने डोळे उघडले, वर भोंग्याकडे पाहिलं, तिला सगळं समजलं. तिचा चेहरा लाल झाला, तो मी पाहिला. पण ती ताडकन उठली नाही. आधी खाली टेकून कुशीवर वळली. मग हाताचा आधार घेऊन बसली. बसून एक श्वास घेतला. मग एक पाय पुढे घेऊन, माझ्या खांद्याला धरून, सावकाश उभी राहिली, आणि मग चालत जाऊन फोन बंद केला. एवढा वेळ मॅडम गावाला धरा आणि सोडा सांगतच होत्या. आणि आम्ही दोघी गुडघे-हात टेकून असतानाच तुमचा लोकेश गाडी घेऊन देवळाच्या दारात येऊन थांबला होता.

मी तिला मागून म्हटलं, बाई, घाई तरी करायची होती थोडी, गावाने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "ऐकू द्या. गाव पडलं नसतं, मी पडली असती."

विहीणबाई, मी दहावी पास आहे, घराचा जमाखर्च मांडते, देवाचं सगळं करते, पण एवढं भान मला या वयात नाही. भर गावात लाज वाटत असताना जी पोर पोटातल्या जिवासाठी हळू उठते, तिला तुम्ही काय खाऊ घालून वाढवलं ते मला कळवा. मोहफुलाच्या बाया तर दुसऱ्याच दिवशी विचारायला आल्या की ती बाई आज बोलणार नाही का, पाठ मोकळी झाली होती. नानाजी म्हणतात मशीन ठेवू का चालू. मी नको म्हटलं, खालच्या स्नायूंचा भाग वगळून ठेवता आलं तर पाहू.

तेव्हा रविवारी अवश्य या. पहाटे ओट्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जेवून जा. पण गाडीत मोनालीला बसवू नका. डॉक्टरीणबाई इथून जवळ, मॅडमचा वर्ग इथे, सवय इथली. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मला मान्य आहे, पण रीत पाळायला थोडे दिवस उशीर चालतो असं मला वाटतं. व्याहीबुवांना नमस्कार. लोकेशला सांगा, चहा इथे राहिला आहे.

तुमची विहीण,
आशाबाई

ता. क. : पत्र बंद करण्याआधी मोनालीने वाचलं. तिने शेवटचा परिच्छेद खोडायला सांगितला, मी कागद पुन्हा लिहिणार नाही म्हणून तसाच ठेवला आहे. तिने डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, मला न सांगता. त्या म्हणाल्या, आठवा लागायच्या आत जा, रस्त्यात थांबत थांबत जा, फाईल सोबत ठेवा. मी म्हटलं, इथे काय कमी आहे. ती म्हणाली, "कमी काई नाई आई. पण मले माझ्या आईजवळ जायचं हाय." तेव्हा रविवारी गाडीच आणा, आणि चालवणारा हळू चालवणारा आणा. लोकेश नको.

ता. क. दुसरं : आता खरं कारण लिहिते, ज्यासाठी एवढा कागद भरला. तिच्या हाताला एक माणूस लागतं आणि त्या माणसाला आता सवय झाली आहे. सासू सुनेच्या माहेरी बाळंतपणाला जाऊन राहिली असं आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही, तुमच्याकडेही नसेल. आमचे हे तर हसलेच. तरी विचारते, मला एक कोपरा द्याल का? तांदूळ मी घरचे आणीन. मोनालीला विचारलं तर ती म्हणाली, या, पण माझ्या खोलीत नको, तुम्ही दोघी एका जागी बसून माझी काळजी करा. तेव्हा माझं अंथरूण तुमच्याच शेजारी टाका.